खेळांचा अनुशेष

‘बॅकलॉग’ हा शब्द आमच्या मच्छे गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना झाली, त्याचे मुख्यालय ‘ज्ञानसंगम’ या नावाने आमच्याच शिवारात उभे राहिले, आणि राज्यभरातील भावी अभियंत्यांच्या राहून गेलेल्या विषयांचा हिशेब आमच्या गावच्या पत्त्यावर जमा होऊ लागला. ‘‘किती बॅक आहेत?’’ हा प्रश्न येथे बसथांब्यावर नि चहाच्या गाड्यावर इतक्या सहजपणे विचारला जातो, की जणू कोणी घरच्या माणसांची संख्याच विचारीत आहे!

मराठीत याला भारदस्त शब्द आहे तो ‘अनुशेष’. हा शब्द गाजला तो विकासाच्या संदर्भात. १९८३ साली महाराष्ट्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोणता जिल्हा रस्ते, पाणी, शिक्षण यांत किती मागे पडला, हे या समितीने मोजले आणि १९८४ च्या अहवालात तीन हजार कोटी रुपयांहून अधिक अनुशेष दाखविला. पुढे १९९४ च्या स्थितीवरून पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा तो आटण्याऐवजी कित्येक पटींनी वाढलेला आढळला. कारण उघड आहे. मागे पडलेला धावत होता हे खरे, परंतु पुढचाही थांबला नव्हता. अनुशेषाचा हा स्वभाव ध्यानात ठेवावा, कारण प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा असला तरी स्वभाव तोच आहे.

माझा विषय आहे व्हिडिओ खेळांचा अनुशेष. हे वाचून काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय हलका नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. आमच्या पिढीतील अनेकांच्या संगणकावर आणि मोबाइलवर आज न खेळलेल्या खेळांची रास पडून आहे. काही विकत घेतलेले, काही फुकट मिळालेले, काही अर्ध्यावर सोडलेले, काही उघडूनही न पाहिलेले. माझ्याच जुन्या संगणकावरील यादी १४० च्या घरात गेली आहे आणि त्यांपैकी शेवटापर्यंत पोचलेले खेळ ११ आहेत. यात रोज भर पडते आणि वजाबाकी मात्र क्वचित होते. आता या राशीचे करायचे काय? एक पक्ष म्हणतो, फेकून द्या. दुसरा म्हणतो, कंबर कसून संपवा. मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे.

प्रथम ही रास साचली कशी ते पाहू. आमच्या आधीच्या पिढीला राशीची चिंता नव्हती, कारण मुळात खेळच दुर्मीळ होता. गल्लीत एखाद्याच घरी टीव्हीला जोडायचा ‘टीव्ही गेम’ असे. त्याच्या पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात त्यात मारिओ, कॉन्ट्रा, बदकांची शिकार, रणगाडे असे मोजकेच खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकाने नि वेगळ्या नावाने येत. आमच्या थोरल्या चुलतभावांना ही फसवणूक ठाऊक होती, तरी कोणी तक्रार करीत नसे. १९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ३२ टप्पे आहेत. कसलेला खेळाडू तो खेळ आज पाच मिनिटांच्या आत संपवून दाखवितो. परंतु आमच्या गल्लीत शेवटच्या राजवाड्यापर्यंत पोचायला मुलांनी दोन-दोन उन्हाळी सुट्ट्या घालविल्या होत्या. खेळ लहान होता, पण पुरवून पुरवून खाल्लेल्या गुळाच्या खड्यासारखा तो पुरत असे.

मग संगणक आले. ‘डेव्ह’, तुरुंगातून सुटून राजकन्येकडे धावणारा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, पुढे ‘रोड रॅश’, आणि सायबर कॅफेच्या अंधाऱ्या खोलीतले ‘काउंटर-स्ट्राइक’ नि ‘व्हाइस सिटी’. तेथेही तासाला पैसे मोजावे लागत, त्यामुळे कोणता खेळ खेळायचा याचा विचार दारातच होऊन जाई.

आज हे बांध फुटले आहेत. २००३ साली स्टीम नावाचे खेळांचे दुकान इंटरनेटवर सुरू झाले. पुढे ते भारतीय ग्राहकाला रुपयांत किंमत सांगू लागले. उन्हाळ्यात नि हिवाळ्यात तेथे ‘सेल’ लागतो आणि हजाराचा खेळ शंभर-दीडशेला मिळतो. २०१८ च्या अखेरीस निघालेले एपिक हे दुसरे दुकान तर दर आठवड्याला खेळ फुकट वाटते. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या ऐन भरात, त्यांनी ‘जीटीए ५’ सारखा महागडा खेळ फुकट दिला तेव्हा अनेकांनी संगणक नसतानाही तो नावावर करून ठेवला, की पुढेमागे संगणक आला तर असावा! स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. रोज एक खेळ संपवायचा म्हटले तरी या एका वर्षाचे पीक खाऊन संपवायला ४९ वर्षे लागतील. तोपर्यंत आपण आजोबा झालेले असू, आणि आणखी ४९ वर्षांचे पीक बांधावर उभे असेल.

शिवाय प्रत्येक खेळाचा आकार पाहा. २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा खेळ संगणकावर दीडशे जीबी जागा मागतो. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल डेटावर तो उतरवून घ्यायला ७५ दिवस हवेत! आणि त्याची मुख्य कथा पुरी करायला पन्नासेक तास. आठवड्याला सहा तास दिले तर दोन महिने. सहामाही सत्रात असे दोन खेळ संपले तरी पुष्कळ झाले. तात्पर्य, हा अनुशेष भरून निघणे गणितानेच अशक्य आहे.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. हा पक्ष वडीलधाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे, की हा सारा वेळेचा नि डोळ्यांचा नाश आहे. त्यांच्या रागाला आधार नाही असे मी म्हणणार नाही. मोबाइलवरील खेळांत पैसे लावून घरे बुडाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, ती उगाच नव्हे. परंतु जुगार आणि खेळ यांना एकाच दोरीने बांधणे हा न्याय नव्हे. पत्त्यांचा जुगार होतो म्हणून बुद्धिबळाचा पट कोणी जाळीत नाही. वाचनालयातून आणलेली चार पुस्तके न वाचता परत केली तर त्याला आपण व्यसन म्हणत नाही, आळस म्हणतो. खेळांच्या राशीलाही तीच फूटपट्टी लावावी, एवढेच माझे मागणे.

दुसरा पक्ष आम्हा तरुणांचाच आहे, आणि मला त्याचीच भीती अधिक वाटते. या पक्षाची मंडळी अनुशेष गंभीरपणे घेतात. ते वहीत नाहीतर मोबाइलमध्ये तक्ते करतात. कोणत्या खेळाला किती तास लागतात, या महिन्यात किती संपले, किती उरले, कोणत्या खेळात किती टक्के पदके मिळाली, याची नोंद ठेवतात. अमुक खेळ कंटाळवाणा झाला तरी ‘यादीतून एक तरी कमी होईल’ म्हणून रात्री दोनपर्यंत रेटतात. कथा सांगणारी पात्रे बोलू लागली की बटण दाबून त्यांना गप्प करतात, कारण वेळ नाही!

आमच्या घरी यावर एकदा मार्मिक भाष्य झाले. माझे वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. एका मित्राला असा तक्ता भरताना पाहून ते म्हणाले, ‘‘काय रे, हे काय लिवालास? आमच्याकडं पाळी संपताना सुपरवायझर असाच कागद भरून घेतो. किती नग झाले, किती राहिले. तुला पगार तरी देतात काय?’’ सारे हसले. परंतु त्या हसण्यातच मर्म आहे. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग या पट्ट्यातील हजारो माणसे रोज नग मोजतात. ओतीव कामाचे नग, टर्निंगचे नग, तपासून बाद झालेले नग. ते पोटासाठी आहे आणि त्यात मानही आहे. पण पाळीवरून घरी आलेला माणूस विरंगुळ्यालाही नग मोजू लागला, तर त्याची पाळी सुटली कधी म्हणायची?

खेळ विकणाऱ्यांना हे पुरते उमगले आहे. आजकालच्या कितीतरी खेळांत रोज हजेरी लावल्याचे बक्षीस असते. एक दिवस चुकला तर ओळीने साठविलेले जाते. ठराविक मुदतीत ठराविक कामे केली तरच अमुक पोशाख मिळतो, नाहीतर मुदत संपते. हजेरी, मुदत, उद्दिष्ट! यात खेळ कुठे आहे? कन्नडमध्ये खेळाला ‘आट’ म्हणतात. आमच्या या मंडळींनी कन्नडमधल्या ‘आट’चा मराठीतला ‘आटापिटा’ करून टाकला आहे.

विटीदांडू नि लगोरी खेळताना यादी कोणी केली होती? तो खेळ अंधार पडला म्हणून संपे किंवा आईची हाक आली म्हणून संपे. अर्धा राहिला तर दुसऱ्या दिवशी नवा डाव. अर्धवट डावाचे ओझे कोणाच्या मनावर नसे. खेळाचे खेळपण त्याच्या पुरेपणात नसून त्यात रमण्यात आहे, ही साधी गोष्ट आपण विसरत चाललो आहोत.

मग काय, राशीकडे पाठ फिरवून नवा येईल तो खेळ खेळत बसावे? नाही. येथे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. रास संपविता येत नाही म्हणूनच तीतून निवड करणे भाग आहे, आणि निवड करताना जुन्या खेळांना आधी मान द्यावा असे मला वाटते. ‘जुने ते सोने’ या भाबड्या समजुतीपोटी मी हे म्हणत नाही. जुन्यांतही टाकाऊ माल पुष्कळ होता. अमेरिकेत १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे जमिनीत पुरल्या होत्या, आणि २०१४ मध्ये त्या खरोखरच उकरून काढण्यात आल्या. म्हणजे खेळांचा अतिरेक आणि त्याची माती हेही काही नवे नाही.

जुन्यांना मान द्यावा तो ते नाहीसे होत आहेत म्हणून. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतील संस्थेने २०२३ साली पाहणी केली. तिच्यानुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. पुस्तक छापून संपले तरी कोणाच्या तरी माळ्यावर एखादी प्रत सापडते. खेळाचे तसे नाही. यंत्र गेले की खेळ गेला. नव्या खेळांची गत तर याहून नाजूक आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ साली निघाला आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचा सर्व्हर बंद केला. पैसे देऊन घेतलेला खेळ त्या दिवसापासून कोणालाच खेळता येईना. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून स्टीमनेही खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगायला आरंभ केला, की तुम्ही घेता तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. तेव्हा ‘घेऊन ठेवला आहे, खेळू कधीतरी’ ही आपली समजूत म्हणजे दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेले धान्य. कुलूप त्याचे, किल्लीही त्याचीच.

जुन्या खेळात शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. जॉर्डन मेक्नर या तरुणाने १९८९ साली काढलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. त्यात घड्याळाचा एक तास मिळतो. धाकट्या भावाला धावायला नि उड्या मारायला लावून, त्याचे चित्रण करून, त्यावरून मेक्नरने राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच तो राजपुत्र आजही माणसासारखा दचकतो नि कड्याला लोंबकळतो. तुटपुंज्या साधनांत माणूस किती जीव ओततो, याचा तो धडा आहे. आणि आपल्याकडचा म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे ठेवला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची ती कथा आहे. असा खेळ आपल्या यादीत शंभराव्या क्रमांकावर पडून असेल आणि आपण रोज हजेरीचे बक्षीस गोळा करीत असू, तर अनुशेष खेळांचा नसून अभिरुचीचा आहे असे म्हणावे लागेल.

आता या विषयातील मला सर्वांत जवळची गोष्ट सांगतो. राशीतील सगळे खेळ सारखे नसतात. काही एकट्याने खेळायचे असतात. ते पाच वर्षांनीही खेळता येतील. पण काहींना दुसरा माणूस लागतो. १९८७ च्या ‘कॉन्ट्रा’त दोघे खांद्याला खांदा लावून पुढे जात. एकाचे जीव संपले तर दुसऱ्याच्या वाट्यातला एक जीव तो उचलून घेई, आणि त्यावरून खरीखुरी भांडणे होत. अलीकडच्या २०२१ मधील ‘इट टेक्स टू’ या खेळाची तर रचनाच अशी, की तो एकट्याला सुरूच करता येत नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो, पण दुसरा हवाच.

माझ्या गल्लीत माझा एक मित्र होता. त्याच्या घरी कन्नड बोलत, आमच्या घरी मराठी. खेळताना मात्र आमची एक तिसरीच भाषा होती. ‘‘इकडं बा, बेगा उडी मार!’’ असल्या त्या भाषेला कोणत्याच विभागात छापायला जागा मिळणार नाही. सीमेच्या प्रश्नावर थोरामोठ्यांचे काय चालले आहे याची त्या खोलीत कधी चौकशी झाली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. आमचा तो दोघांचा खेळ अर्ध्यावर साठवलेला आहे. उघडला की त्याचे पात्र माझ्या पात्राशेजारी उभे असते. तो सणाला येतो तेव्हा दोन दिवसांत घर, नातेवाईक, बँकेची कामे यांतून त्याला वेळ होत नाही, आणि मीही आग्रह करीत नाही.

आपल्या वर्गाकडे जरा पाहा. परीक्षा संपली की कोणी पुण्याला जाईल, कोणी बेंगळुरूला, कोणी गोव्याला. आपल्या भागातील तरुणांचे हे ठरलेलेच आहे. म्हणून मी म्हणतो, की या राशीत काही तातडीचे असेल तर ते दोघांचे नि चौघांचे खेळ. त्यांची मुदत दुकानदाराने ठरविलेली नाही, आपल्या शेजारी बसलेल्या माणसाच्या निघण्याच्या दिवसाने ठरविली आहे. एकट्याचा अनुशेष म्हातारपणीही भरता येईल. सोबतीचा अनुशेष मात्र कोणतीही समिती नेमून भरून निघत नाही.

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून चार सूचना करतो. पहिली, हातातला खेळ संपेपर्यंत किंवा मनापासून सोडून देईपर्यंत नवा घेऊ नये, फुकट मिळाला तरी. फुकटचे ठेवायलाही मनातली जागा लागते. दुसरी, न आवडलेला खेळ दोन तासांनी खुशाल सोडावा. ताटातले टाकू नये हा संस्कार अन्नाला लागू आहे, खेळाला नव्हे. तिसरी, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाने संगणक कक्षातील बाद झालेली चार-दोन यंत्रे जुन्या खेळांसाठी मांडावीत, आणि ज्यांना ते ठाऊक आहेत अशा माजी विद्यार्थ्यांना बोलवावे. कॅरमला जागा मिळते, तशी यालाही मिळावी. त्या स्पर्धेत जोड्या वर्गाप्रमाणे न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात, म्हणजे मराठी विभागातला नि कन्नड विभागातला एकाच पडद्यापुढे बसेल. चौथी सूचना आमच्या गावच्या पत्त्यावर ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांना. तो अनुशेष आधी भरा. त्या यादीतून काही वगळण्याची सोय नाही!

उरलेल्या यादीची मात्र लाज नको नि भीतीही नको. शेतातले सगळे पाणी कोणी पिऊ शकत नाही, तहान भागली की पुरे. मित्रहो, आज संध्याकाळी एखाद्या सोबत्याला हाक मारा, जुना एखादा खेळ काढा, आणि किती झाले, किती उरले हे न विचारता एक डाव खेळा. नग मोजायला पुढे उभे आयुष्य पडले आहे.